महाजालावरील मराठी वाङ्मय आणि टॅग : स्वरूप, अडचणी आणि दिशा

वाङ्मयाच्या आस्वादाला आरंभ वाचनापासून होतो. संशोधनाला मात्र तो शोधण्यापासून होतो. जे सापडत नाही ते वाचले जात नाही आणि जे वाचले जात नाही त्याची वाङ्मयेतिहासात नोंदही होत नाही. रत्नागिरीकरांना ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. येथील नगर वाचनालयाची परंपरा १८२८ सालापासूनची आहे. ग्रंथ जपणे आणि ग्रंथ वाचकाच्या हाती पोचविणे ही दोन निराळी कामे आहेत, हे अशा जुन्या ग्रंथालयात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ग्रंथ कपाटात आहे, पण तो कोणत्या कपाटात आहे हे सांगणारी तालिका नसेल, तर तो असून नसल्यासारखाच होय.

आज मराठी वाङ्मयाचा आणि वाङ्मयविषयक साधनांचा मोठा भाग महाजालावर येत आहे. जुन्या नियतकालिकांची छायांकित पाने, ध्वनिमुद्रणे, लोकगीतांचे संग्रह, कोशांतील नोंदी, प्रबंध हे सारे तेथे आहे. तथापि तेथे कपाटे नाहीत आणि ग्रंथपालही नाही. नमन-खेळे या विषयावर प्रबंधिका लिहू पाहणारी आमची एक विद्यार्थिनी काही दिवस संगणकापुढे बसून परत आली, ती ‘या विषयावर महाजालावर फारसे काही नाही’ असा निष्कर्ष घेऊनच. तिने ‘कोकणातील लोकनाट्य’ या शब्दांनी शोध घेतला होता. पुढे ‘नमन’, ‘खेळे’, ‘संकासुर’, ‘गोमू’, ‘शिमगा’ असे शब्द एकेक करून घातले, तेव्हा बरीच सामग्री पुढे आली. सामग्री पहिल्या दिवशीही होतीच. तिच्यावर ‘लोकनाट्य’ हा शब्द कोणी लिहिलेला नव्हता इतकेच. ‘नाही’ आणि ‘सापडले नाही’ यांत जे अंतर आहे, त्या अंतरात संशोधनाचे अनेक चुकीचे निष्कर्ष जन्माला येतात. हे अंतर कमी करण्याचे एक साधन म्हणजे टॅग. हे साधन काय आहे, मराठीत ते वापरताना कोणत्या विशेष अडचणी येतात आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्यांत कोणती जबाबदारी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. टॅग : संकल्पना

टॅग म्हणजे एखाद्या लेखावर, चित्रावर वा ध्वनिमुद्रणावर लावलेली शब्दाची खूणचिठ्ठी. ती मजकुराचा भाग नसते. मजकुराविषयी बाहेरून दिलेली ती माहिती असते. एकाच मजकुराला अशा कितीही चिठ्ठ्या लावता येतात आणि एका चिठ्ठीवर बोट ठेवले की तीच चिठ्ठी लावलेला सर्व मजकूर एकत्र पुढे येतो. २००३ साली सुरू झालेल्या ‘डिलिशस’ या सेवेने वाचकांना आपापल्या आवडीच्या पानांवर असे शब्द लावण्याची सोय दिली. २००४ मध्ये ‘फ्लिकर’ने छायाचित्रांसाठी ती लोकप्रिय केली. त्याच वर्षी टॉमस व्हँडर वाल यांनी लोकांनी आपल्या मनाने केलेल्या या वर्गीकरणाला ‘फोकसॉनमी’ असे नाव दिले. २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर शब्दामागे हॅशचे चिन्ह लावून विषय दर्शविण्याची सूचना केली आणि टॅग मजकुराबाहेरून थेट मजकुराच्या वाक्यातच येऊन बसला.

येथे ग्रंथालयातील विषयशीर्षक आणि टॅग यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. विषयशीर्षक एका मान्य यादीतून निवडले जाते; ते देणारी व्यक्ती प्रशिक्षित असते. टॅग कोणीही, कोणत्याही शब्दाने लावू शकतो. पहिल्यात शिस्त आहे, पण ती मंद आणि खर्चिक आहे. दुसऱ्यात वेग आणि लोकभाषेचा जिवंतपणा आहे, पण एकवाक्यता नाही. गोल्डर आणि ह्युबरमन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले, की लोक केवळ विषय सांगण्यासाठी टॅग लावत नाहीत. वस्तू कोणत्या प्रकारची आहे, ती कोणाची आहे, ती कशी वाटली, ती स्वतःला कोणत्या कामासाठी हवी आहे, हेही ते टॅगमधून नोंदवितात. ‘सुंदर’, ‘नंतर वाचणे’ यांसारखे टॅग लावणाऱ्याच्या उपयोगाचे असले, तरी दुसऱ्या शोधकाला त्यांतून काहीच हाती लागत नाही. टॅग कोणासाठी लावावयाचा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

२. कपाट आणि चिठ्ठी

मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरणपद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा मूळ हेतू प्रत्येक ग्रंथाला कपाटात एक निश्चित जागा देणे हा होता. कपाटातील ग्रंथ एका वेळी एकाच जागी राहू शकतो, ही भौतिक मर्यादा त्या पद्धतीने स्वीकारली होती. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती मांडली आणि या विचाराला निराळे वळण दिले. विषय म्हणजे झाडाची एकच फांदी नव्हे, तर अनेक पैलूंचा संयोग होय, अशी त्यांची भूमिका होती. वस्तूचे व्यक्तित्व, तिचे द्रव्य, तिच्यावर होणारी क्रिया, स्थळ आणि काळ हे पैलू स्वतंत्रपणे नोंदवून ते जोडावेत, असे त्यांनी सुचविले. प्रत्येक ग्रंथ त्याच्या वाचकापर्यंत पोचावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हा त्यांचा आग्रह १९३१ पासूनचा आहे. महाजालावरील टॅग ही संकल्पना रंगनाथनांच्या पैलूविचाराला फार जवळची आहे. फरक एवढाच, की पैलू कोणते हे टॅग लावणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

या भेदाचा वाङ्मयाच्या दृष्टीने अर्थ काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालची. तिला कोठे ठेवावे? ती ग्रामीण कादंबरी आहे, दलित साहित्याच्या चर्चेत तिचे स्थान आहे, इंग्रजी अमलाविरुद्धच्या बंडाची ती कथा आहे, मातंग समाजाच्या जीवनाचे ते चित्रण आहे आणि वारणेच्या खोऱ्याचा तो प्रदेशही आहे. कपाटाला यांतील एक निवडावे लागते, आणि जे निवडले जाते त्याच्या आधारे पुढील पिढी त्या ग्रंथाकडे पाहू लागते. टॅगला निवड करावी लागत नाही. पाचही चिठ्ठ्या एकाच वेळी लागू शकतात आणि पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेले अभ्यासक त्याच ग्रंथापाशी पोचू शकतात. टॅगचे वाङ्मयीन महत्त्व या शक्यतेत आहे.

३. आपल्याकडील पूर्वपरंपरा

ही कल्पना आपल्याला सर्वस्वी नवी नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी कवीची नाममुद्रा ही एका अर्थी कर्त्याची खूणचिठ्ठीच होय. मुखपरंपरेने फिरणाऱ्या रचनेला कर्ता चिकटून राहावा, अशी ती योजना आहे. गाथांच्या छापील आवृत्त्यांत विराण्या, गौळणी, काला अशा शीर्षकांखाली अभंगांचे गट केलेले असतात आणि शेवटी आद्यचरणांची अकारविल्हे सूची दिलेली असते. प्रकाराने शोधणे आणि पहिल्या शब्दाने शोधणे अशा दोन्ही वाटा वारकरी वाचकाला त्यामुळे खुल्या होतात.

मात्र नाममुद्रेचा इतिहासच आपल्याला खुणेच्या मर्यादाही शिकवितो. ‘नामा’ ही मुद्रा नामदेवांची तशीच विष्णुदास नामा यांचीही. परिणामी या दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करण्यासाठी अभ्यासकांना भाषा, विषय व हस्तलिखिते यांचा आधार घ्यावा लागला. दोन भिन्न गोष्टींना एकच खूण लावली की काय होते, याचे मराठीतील हे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण मानावयास हरकत नाही.

आधुनिक काळात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९३८ ते १९५० या काळासाठी तिचा दुसरा भाग दिला. मराठीतील संशोधनाचा पाया म्हणून या सूचीचा उल्लेख आपण वारंवार करतो. पण तिच्यामागील दृष्टीचा विचार क्वचितच करतो. सूचिकार ग्रंथाची केवळ नोंद करीत नाही. उद्या कोणता अभ्यासक कोणता प्रश्न घेऊन येईल, याची कल्पना करून तो नोंद करतो. टॅग लावणाऱ्याने घ्यावयाची दृष्टी हीच आहे.

४. मराठीच्या विशेष अडचणी

इंग्रजीसाठी रूढ झालेली टॅगची पद्धत मराठीत जशीच्या तशी चालत नाही. याची कारणे आपल्या भाषेच्या आणि लिपीच्या घडणीत आहेत.

पहिली अडचण लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ पासून शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ झाले. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा ठरला. त्यामुळे जुन्या मजकुरातील ‘कवि’, ‘राजापुर’, ‘नांव’, ‘गांव’ ही रूपे आणि आजची ‘कवी’, ‘राजापूर’, ‘नाव’, ‘गाव’ ही रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत. वाचकाला ती एकच वाटतात. संगणकाला, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, ती सर्वस्वी वेगळी असतात. आजच्या रूपाने शोध घेणारा विद्यार्थी एकोणिसाव्या शतकाच्या दाराशी जाऊन परत येतो, आणि दार बंद होते हेही त्याला कळत नाही.

दुसरी अडचण संकेतांकांची. युनिकोड येण्यापूर्वीच्या अनेक टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. तो मजकूर रूपांतर केल्याखेरीज शोधता येत नाही. युनिकोडमध्येही सर्व सुरळीत आहे असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी साठविता येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली. त्यापूर्वी आणि नंतरही अनेकांनी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, यंत्राच्या लेखी शब्द दोन असतात.

तिसरी अडचण विभक्तीची. मराठी नाम वाक्यात क्वचितच आपल्या मूळ रूपात राहते. ‘पाऊस’ हा ‘पावसात’ आणि ‘पावसाचा’ होतो. ‘ओवी’ ही ‘ओव्या’ आणि ‘ओव्यांमधील’ होते. वाक्यातील शब्दच टॅग म्हणून उचलला तर एका विषयाच्या दहा चिठ्ठ्या होतात. त्यातच हॅशचे चिन्ह वापरताना शब्दांमध्ये जागा सोडता येत नसल्याने ‘मराठीकविता’ आणि ‘मराठी_कविता’ अशी आणखी रूपे निर्माण होतात.

चौथी अडचण पर्यायी नावांची, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. कोकणात ज्याला शिमगा म्हणतात त्यावरील मजकूर अन्यत्र ‘होळी’ या शब्दाखाली असतो. जाखडी हा नृत्यप्रकार ‘बाल्या नाच’ म्हणूनही ओळखला जातो आणि त्यातील गीतांचा अभ्यासक ‘शक्ती-तुरा’ या नावाने शोध घेतो. तिघांनी आपापल्या परीने योग्य टॅग लावला, तरी तिघांची सामग्री एकमेकांना भेटत नाही. याच्या उलट बाजूस अनेकार्थी शब्द आहेत. ‘पालखी’ हा टॅग पंढरीच्या वारीला लागतो आणि शिमग्यात घरोघरी येणाऱ्या ग्रामदेवतेच्या पालखीलाही लागतो. ‘खोत’ हा वतनदार असतो आणि आडनावही असते.

लेखकांची टोपणनावे हा याच अडचणीचा एक भाग होय. मालगुंडला जन्मलेले कृष्णाजी केशव दामले आपल्याला केशवसुत म्हणून परिचित आहेत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने केले. येथे तीन नावांचे एकच नाव करून टाकणे सोयीचे वाटेल. पण तसे केल्याने लेखकाने स्वतः केलेला प्रकारभेद पुसला जातो. म्हणून नावे एक करण्यापेक्षा ती एकमेकांना जोडणे हा योग्य मार्ग होय. जुन्या ग्रंथतालिकेतील ‘पहा’ हा शब्द हेच काम करीत असे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ‘पुनर्निर्देशन’ आणि ‘निःसंदिग्धीकरण’ या नावांनी तीच जुनी युक्ती नव्या माध्यमात आणली. पर्यायी नावावरून मुख्य नावाकडे नेणे हे पहिल्याचे काम, आणि एका नावाच्या अनेक अर्थांची निवड वाचकापुढे ठेवणे हे दुसऱ्याचे.

५. जात्यावरच्या ओव्या : एक उदाहरण

मराठीत या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर सामोरे गेलेला प्रकल्प म्हणून जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे पाहावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेद्वारे हे काम उभे केले. ध्वनिमुद्रणाच्या आणि संगणकीय नोंदींच्या कामात बर्नार बेल यांचा सहभाग होता. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हे संकेतस्थळ त्या टप्प्याटप्प्याने वाचकांपुढे आणीत आहे.

लाखभर ओव्या नुसत्या एकापुढे एक ठेवल्या असत्या तर तो संग्रह झाला असता, साधन झाले नसते. संग्राहकांनी ओव्यांचे विषयानुसार वर्ग आणि उपवर्ग पाडले आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदविले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. लोकगीत म्हटले की कर्ता अज्ञात असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय होती. गायिकेचे नाव ही चिठ्ठी लागताच ओवी एका विशिष्ट गावातील, विशिष्ट आयुष्य जगलेल्या स्त्रीची होते. एकाच बाईच्या साऱ्या ओव्या एकत्र वाचता येतात, आणि एका तालुक्यातील ओव्यांची दुसऱ्या तालुक्यातील ओव्यांशी तुलना करता येते.

विषयाची चिठ्ठी मात्र इतकी सरळ नसते. सीतेच्या वनवासाच्या ओवीवर कोणता शब्द लिहावा? ‘रामायण’ हे उत्तर चूक नाही. पण जात्यावर बसलेली स्त्री सीतेच्या निमित्ताने बहुधा आपल्या सासुरवासाविषयी बोलत असते. ‘रामायण’ एवढीच चिठ्ठी लावली तर ती ओवी रामकथेच्या अभ्यासकाला सापडेल, पण स्त्रीजीवनाच्या अभ्यासकाला सापडणार नाही. ‘सासुरवास’ एवढीच लावली तर उलट होईल. ओवीत दोन्ही आहेत, आणि दोन्ही आहेत हे कळण्यासाठी ओवी वाचावी लागते. टॅग लावणे हे कारकुनी काम आहे हा समज येथे गळून पडतो. ते वाचनाचेच काम आहे, किंबहुना अर्थनिर्णयाचे.

६. टॅग आणि समीक्षाव्यवहार

हे एकदा मान्य केले, की टॅगच्या निवडीत मूल्यविचारही येतो हे ओघानेच आले. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या कादंबरीला ‘कोकण’, ‘खोती’, ‘कुटुंबकथा’ हे टॅग वर्णनाचे आहेत. ‘प्रादेशिक कादंबरी’ हा टॅग मात्र समीक्षेच्या एका विशिष्ट भूमिकेतून आलेला आहे. पुण्यामुंबईत घडणाऱ्या कादंबरीला आपण ‘प्रादेशिक’ म्हणत नाही. स्त्रीने लिहिलेल्या कथेला ‘स्त्रीसाहित्य’ ही चिठ्ठी सहज लागते. पुरुषाने लिहिलेल्या कथेला तशी चिठ्ठी कोणी लावीत नाही. संगमेश्वरी बोलीतील संवादांवर ‘बोली’ असे लिहिले जाते. प्रमाणभाषेतील संवादांवर काहीच लिहिले जात नाही. ज्याला चिठ्ठी लागत नाही तो आपोआप मध्यवर्ती ठरतो आणि ज्याला लागते तो कडेचा ठरतो.

यावर उपाय चिठ्ठ्या काढून टाकणे हा नव्हे. तसे केले तर ‘दलित साहित्य’ वा ‘ग्रामीण साहित्य’ यांचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाची वाटच बंद होईल. उपाय असा, की एकच चिठ्ठी लावून थांबू नये आणि सर्वांना सारखा न्याय लावावा. बोलीतील कथेला ‘बोली’ लिहावयाचे तर कोणती बोली हे लिहावे. खेड्यातील कादंबरीला स्थळाचा टॅग असेल तर शहरातील कादंबरीलाही असावा. त्याचप्रमाणे समाज स्वतःसाठी जे नाव वापरतो ते शोधातून गळू देऊ नये. जाखडी खेळणाऱ्यांचा शब्द बाजूला सारून केवळ ‘लोकनृत्य’ एवढे लिहिले तर अभ्यासकाची सोय होईल, पण कलावंताला आपलीच कला आपल्या शब्दाने सापडणार नाही.

७. एक आक्षेप

येथे असे विचारले जाईल, की यंत्र आता संपूर्ण मजकुरात शोध घेते. मग स्वतंत्र टॅगची गरज काय? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु संहितेतील शोध हा शब्दाचा शोध असतो, विषयाचा नव्हे. चाकरमान्यांच्या जीवनावरील कथेत ‘स्थलांतर’ हा शब्द एकदाही नसण्याची शक्यताच अधिक. शिवाय छायांकित पाने आणि ध्वनिमुद्रणे यांत यंत्राला वाचता येईल असा मजकूरच अनेकदा नसतो. अर्थाच्या जवळिकीवरून शोध घेणाऱ्या नव्या संगणकप्रणाली समानार्थी शब्द काही अंशी ओळखू लागल्या आहेत, हे खरे. पण त्या प्रणाली उपलब्ध मजकुरावरूनच शिकतात. ज्या बोलीत छापील मजकूर थोडा, त्या बोलीचे शब्द त्यांना कमी कळतात. म्हणजे जेथे यंत्राची मदत सर्वाधिक हवी तेथेच ती सर्वांत तोकडी पडते. जाणकार माणसाने आज लावलेला टॅग हा उद्याच्या यंत्रासाठीही आधार ठरतो.

८. काही सूचना

मराठी विभागांनी आणि महाविद्यालयीन शिक्षकांनी आपल्यापुरता काही संकेत पाळावयाचे ठरविले तर बरेच साधेल. रंगनाथनांच्या पैलूविचाराचा आधार घेऊन वाङ्मयीन सामग्रीसाठी कर्ता, प्रकार, स्थळ, काळ आणि विषय असे पाच पैलू मानावेत आणि प्रत्येकासाठी किमान एक टॅग द्यावा. टॅग नेहमी प्रथमेच्या मूळ रूपात लिहावा. एकवचन की अनेकवचन हे एकदा ठरवून तेच पाळावे. टॅगमधील लेखन प्रचलित नियमांनुसार असावे, मात्र मूळ संहितेतील जुने लेखन बदलू नये. प्रसंगी जुने रूप जादा टॅग म्हणून द्यावे. पर्यायी नावांची एक सामायिक यादी ठेवून ‘बाल्या नाच : जाखडी पहा’ अशा नोंदी कराव्यात. अनेकार्थी शब्दापुढे कंसात खुलासा करावा, जसे ‘पालखी (शिमगा)’ आणि ‘पालखी (वारी)’. स्थानिक शब्द आणि अभ्यासाची परिभाषा असे दोन्ही टॅग लावावेत. ‘साहित्य’, ‘संस्कृती’ यांसारखे अतिव्यापक शब्द टाळावेत. जो शब्द सगळ्यालाच लागतो तो काहीच वेगळे काढीत नाही.

समजा, एका विद्यार्थ्याने संगमेश्वर तालुक्यातील एका गावी शिमग्यात नमनाचे ध्वनिमुद्रण केले. ‘कोकण, लोककला, संस्कृती, अप्रतिम’ अशा चार चिठ्ठ्या लावून त्याने ते महाजालावर ठेवले, तर ते सापडण्याचा संभव फार थोडा. त्याऐवजी ‘नमन-खेळे’, ‘लोकनाट्य’, ‘संकासुर’, ‘गण-गवळण’, ‘शिमगा’, ‘संगमेश्वरी बोली’, गावाचे व तालुक्याचे नाव, मुद्रणाचे वर्ष आणि कलावंतांची संमती असल्यास त्यांची नावे अशी नोंद केली, तर नाट्याचा, भाषेचा, सणांचा आणि स्थानिक इतिहासाचा असे चार अभ्यासक त्या एका मुद्रणापाशी येऊ शकतात. या कामाला पाच-दहा मिनिटे लागतात. मात्र नमनात संकासुर कोणता आणि गवळण कोठे सुरू होते, हे कळणारा माणूस त्यासाठी लागतो.

समारोप

टॅग हे तंत्र संगणकशास्त्राने दिले असले, तरी टॅगचा शब्द भाषेच्या अभ्यासकानेच द्यावयाचा आहे. शुद्धलेखनाचा इतिहास, टोपणनावांची परंपरा, बोलींचे भेद, वाङ्मयप्रकारांच्या सीमा या ज्या गोष्टी आपण वर्गात शिकवितो, त्यांचीच येथे गरज पडते. दाते यांच्या पिढीने छापील ग्रंथांसाठी जे केले, ते महाजालावरील सामग्रीसाठी एकट्या माणसाला करता येणार नाही. ते शेकडो हातांनी थोडे थोडे व्हावयाचे काम आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्प सादर करताना विद्यार्थ्याने आपल्या सामग्रीची पैलूवार टॅगसूची सोबत जोडावी आणि परीक्षकाने तिच्याकडे प्रबंधाइतक्याच गांभीर्याने पाहावे, एवढ्याने आरंभ होऊ शकेल.

‘फारसे काही नाही’ असे म्हणत परत आलेल्या त्या विद्यार्थिनीने पुढे आपल्या प्रबंधिकेच्या शेवटी नमन-खेळ्यांविषयीच्या पर्यायी शब्दांची दोन पाने जोडली. तिच्यानंतर याच विषयाकडे वळणाऱ्याला ‘काही नाही’ असे सहसा म्हणावे लागणार नाही.